मागाजवळची खिडकी

माझ्या सासूबाई म्हणायच्या, "हिला घरची उस्तवार होत नाही, निघाली गावाची करायला." त्यांचं फारसं चुकत नव्हतं. त्या वर्षांत सोलापुरातल्या आम्ही काही मास्तरांच्या आणि वकिलांच्या बायका शहराच्या पूर्वेकडे, विणकरांच्या पेठांत जात असू. क्षयानं अंथरूण धरलेलं माणूस तिथे घराआड एक सापडे. आमच्यासोबत एक म्हातारे डॉक्टर येत, ते फी घेत नसत. आम्ही दूध, साबण, जुनेर असं काहीबाही नेत असू आणि त्याहून जास्त उपदेश. उपदेशाला पैसे पडत नाहीत.

डॉक्टरांचं औषध म्हणजे ऊन, वारा आणि दूध. दूध आम्ही द्यायचो, ऊन-वारा फुकट होता. त्यामुळे कुठल्याही घरात शिरले की मी आधी खिडकी उघडायची. एरवीही मला बंद खिडकीचा राग येतो.

एका तेलुगू विणकराच्या घरी मात्र माझं काही चालेना. लांबट अशी एकच खोली, तिची निम्मी जागा हातमागानं अडवलेली. नवरा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणायचा. खोलीला एकच खिडकी होती, ती मागाला लागून, आणि तिच्याखाली बायकोची बाज. पंचविशीच्या आतली असेल. खोकल्याची उबळ ओसरली की ती उशीला टेकून रहाट जवळ ओढायची आणि नवऱ्याच्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. चारेक वर्षांची मुलगी बाजेखाली खेळत असे. आणि त्या खिडकीवर भिजवलेलं पोतं टांगलेलं.

पहिल्याच दिवशी मी ते पोतं ओढून काढलं. नवरा विणायचा थांबला. बोलली ती.

"अक्का, चैताचा वारा लई कोरडा. सूत कडक हुतंय, तार तुटतीय. तुटक्या तारंचं लुगडं कोन घेनार?"

"आणि तू मोडून पडलीस तर?"

"मला कुटं बाजारात न्यायचं हाय?" असं म्हणून ती हसली, आणि हसण्यातून पुन्हा खोकला सुरू झाला.

बाज गल्लीत टाकावी म्हटलं, तर गल्लीभर ताणे पसरून लोक सुताला खळ देत असत. अशा रोग्याच्या शेजारी कोणी आपलं सूत आणलं नसतं. शेवटी तोड निघाली. सकाळी हवेत ओल असते, तोवर खिडकी उघडी ठेवायची, ऊन चढलं की पोतं. मला ते पटलं नाही आणि डॉक्टरांनाही पटलं नाही. उन्हाळ्याचे दिवस हेच काय ते तिच्या हातातले, असं त्यांचं म्हणणं. पावसाळा लागला की दमट हवेत ती टिकायची नाही, याची त्यांना धास्ती होती. तो विणकर मात्र पावसाची वाट पाहत होता, कारण पावसाळ्यात सूत मऊ राहतं आणि खिडकी दिवसभर उघडी चालते. एकाच पावसाबद्दल दोघे उलटं बोलत होते आणि दोघांनाही तीच जगायला हवी होती.

मला दम धरवत नाही, हे माझ्या माहेरीही सर्वांना ठाऊक होतं. एका दुपारी कोंदलेल्या त्या खोलीत तिला धाप लागलेली पाहिली आणि मी तिच्या नवऱ्याला उंबऱ्यावर बोलावून स्पष्ट विचारलं, "तुला लुगडं हवंय की बायको?" त्यानं खाली बघत मान हलवली. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही.

पुढच्या खेपेला गेले तर माग नव्हता. हातातलं लुगडं पुरं करून त्यानं माग उतरवला होता आणि गिरणीत कामाला लागला होता. मागाची लाकडं भिंतीशी रचून ठेवलेली, खड्ड्यावर फळ्या, फळ्यांवर तिची बाज. खिडकी सताड उघडी, तिच्या पायांवर ऊन. मला इतका आनंद झाला की मी तो मोठ्यानं बोलून दाखवला. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आदल्या दिवशीचं दूध भांड्यात तसंच नासलेलं होतं.

तेवढ्यात दारात एक म्हातारी शेजारीण आली. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, चेहरा पडलेला. तिनं तेलुगूत हलक्या आवाजात काही विचारलं. बाजेवरची धडपडत उठून बसली आणि तिनं उत्तर दिलं. म्हातारीनं तोंडावर हात ठेवला आणि ती आल्या पावली परत गेली.

"काय म्हणत होती?" मी विचारलं.

"कोन गेलं म्हून इचारत हुती." तिचा आवाज अगदी सरळ होता. "अवसेला समद्या पेठेचं माग बंद असत्यात, तवा कोन येत न्हाय. एकाच घराचा माग गप झाला की त्या घरात माणूस गेलं म्हनून येत्यात. काल बी बाया आल्या. समद्यांना मीच सांगते, मी हाय की अजून."

मी उठून भांड्यातलं नासलेलं दूध बाहेर ओतून आले.

"अक्का, ह्यांना सांगा, माग बसवा. माजं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकून काडलाय, तुमचंच ऐकून घालतील."

"आणि वारा?"

"वाऱ्यानं बरी हुते का मी? डाक्टर काय म्हनत्यात? खरं सांगा."

डॉक्टर म्हणाले होते, वाऱ्यानं थोडे दिवस वाढतील, एवढंच. बरी होईल असं ते कधीच म्हणाले नव्हते, आणि मी त्यांना विचारलंही नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि लेकीला जवळ ओढून तिच्या केसातला गुंता सोडवत बसली.

संध्याकाळी तिचा नवरा गिरणीतून येईपर्यंत मी तिथेच थांबले. माग बसव म्हणून सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. "आता खरं काय समजायचं, अक्का?" त्याचा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, ती सांगेल ते खरं.

माग परत बसला. ऊन चढलं तसं मी स्वतः बादलीत पोतं बुडवून खिडकीवर टांगलं. डॉक्टर माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. तिच्या अंगात ताकद होती तोवर ती कांड्या भरत राहिली. पुढे नवरा विणता विणता मध्येच उठून आपल्या आपण भरायचा आणि ती चुका काढायची. तिच्या तोंडून मी त्या घरात पहिल्यांदाच नवऱ्याची थट्टा ऐकली. दूधही ती प्यायला लागली, निम्मं लेकीला देऊन. ते दिवस चांगले होते असं मी म्हणू नये, पण मला ते तसेच आठवतात.

ज्येष्ठ संपत आला होता, पाऊस अजून नव्हता. दुधाचा तांब्या घेऊन मी सकाळी गल्लीत शिरले. दोन्ही बाजूंचे माग चालू होते. त्यांच्या घराशी आले आणि पावलं थांबली. आत मागाचा खटका ऐकू येत नव्हता. मी डोक्यावर पदर घेतला आणि दाराशी गेले. कोण गेलं, हे मी विचारलं नाही.