न्यायाच्या डोळ्यांवरची पट्टी

तराजू दुरुस्त करणाऱ्या काटेवाल्यांच्या जिवाला चार दिवस चैन पडेना. धाकट्या भावाच्या दुकानातल्या तराजूवर, घरचाच तर आहे म्हणत, त्यांनी न तपासताच 'बरोबर' असल्याचा शिक्का मारला होता.

मेहुणी टॅरोचे पत्ते काढून भविष्य सांगायची. तिने एक उलटला. न्यायदेवी निघाली, एका हातात तराजू, दुसऱ्या हातात तलवार.

"हिच्या डोळ्यांवरची पट्टी कुठे गेली?" काटेवाले वैतागले.

"या पत्त्यात पट्टी नसते, दाजी. ही बघून तोलते."

"आणि तलवार कशाला?"

"तोलल्यावर गप्प बसता येऊ नये म्हणून."

चहा तसाच टाकून ते तडक भावाच्या दुकानात शिरले आणि तराजू तपासायला घेतला.

"अरे दादा, शिक्का तर तूच मारलास ना?"

"डोळे मिटून मारला होता."

त्यांनी दोन्ही पारडी रिकामी केली. रिकामा तराजूही भावाच्याच बाजूला झुकलेला होता.