फ्लास्कमध्ये माणसाळलेला विषाणू

आमच्या बाई कायम थकलेल्या दिसायच्या. सकाळी प्रयोगशाळेत शिरतानाच सगळा दिवस उरकून आल्यासारख्या. स्टुलावर टेकायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या आणि विचारायच्या, "हं, आज काय बिघडलंय?"

गंगापूर रोडवरच्या त्या छोट्या खासगी संस्थेत आम्ही माकडांचा एक विषाणू वाढवत असू. माणसाला नागीण होते त्या विषाणूचा हा चुलतभाऊ. बाईंनी तो तरुणपणी एका आजारी माकडाच्या नमुन्यातून वेगळा केला होता. तेव्हापासून तो फ्लास्कमधल्या पेशींवर वाढत होता. एका फ्लास्कमधून दुसऱ्यात, पिढ्यान्‌पिढ्या. या रोगावरची बाईंची लस त्याच्याच भरवशावर उभी होती. लस दिलेल्या माकडांना तो टोचला तरी ती ठणठणीत राहिली, म्हणून सगळे खूश होते.

बाई सोडून. "लस न दिलेली तरी कुठं आजारी पडलीत?" त्या म्हणाल्या. "पहिल्या माकडाचे हाल मी डोळ्यांनी बघितलेत गं."

त्या पहिल्या माकडाचा जुना गोठवलेला नमुना काढून आम्ही दोन्ही विषाणूंची जनुकं ताडून पाहिली. आमच्या विषाणूत एक अख्खा तुकडाच नव्हता. शरीराच्या पहारेकऱ्यांपासून लपण्याची कला त्या तुकड्यात होती. बाई संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिल्या. "फ्लास्कमध्ये त्याला लपायचं कुणापासून? लागत नाही ते टाकून दिलं त्यानं. आपण माणसाळवला त्याला."

संचालक वैतागले. "बाई, लसीवरचा लेख छापायला गेलाय. तुमची निवृत्ती तोंडावर आलीये. आत्ताच कशाला उकरायचं?"

बाई नांदगावच्या. एरवी शुद्ध बोलत. फार दुखलं की गावची बोली बाहेर पडे. "सर, थकवा मला झेपतो. हे नाय झेपायचं. ही लस खऱ्या रोगापुढं टिकंल का, मला ठाव नाय."

लेख त्यांनी स्वतः मागे घेतला. प्रकल्प बंद पडला, माणसं पांगली. निरोपसमारंभ कुणी केला नाही. जाताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "मूळ नमुना आहे. जमलं तर पहिल्यापासून कर. नाही जमलं तरी मी रागावणार नाही."

मी केलं. त्याच प्रयोगशाळेत, एकटीनं. नवीन काम म्हणजे नुसता कंटाळा होता. नंतर बाई आजारी असल्याचं कळलं, म्हणून नांदगावला गेले. त्या खाटेवर पडून होत्या, आवाज खोल गेलेला.

"वाढतोय का?"

"फार हळू, बाई. कधी कधी वाटतं, सोडून द्यावं."

त्या हसल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "हळू वाढतोय ना? मग अजून रानटीच हाय तो. जप त्याला."

त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेशींचं पोषक पाणी बदलत होते. हातातला फ्लास्क आधी नीट उबेच्या कपाटात ठेवला, दार लावलं, हातमोजे काढले. मग त्यांच्या स्टुलावर बसून रडले.