विश्रांतीची पाटी

माझ्या आयुष्यात मी सक्तीची विश्रांती एकदाच घेतली, आणि तिच्यात माझी बायको आजारी पडली.

नागपुरात टीव्ही यायच्या आधीची ही गोष्ट. (त्यामुळे लोकांना शेजाऱ्यांकडेच पाहावं लागे.) मी तिथल्या महाल भागात दोन खोल्यांत राहणारा सरकारी कारकून. रजेवर गेलेल्या दोघांचं काम महिनाभर एकटा ओढत होतो. एके दिवशी कचेरीच्या जिन्यातच चक्कर आली.

डॉक्टर म्हणाले, "ब्लडप्रेशर वाढलंय. आठ दिवस पूर्ण आराम! नाही उतरलं, तर दवाखान्यात भरती."

शालिनी, माझी बायको, घाबरली. "तुम्ही फक्त झोपा. बाकीचं मी पाहीन."

पण कारकून झोपला तरी कारकूनच! मी ताडकन उठलो आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहून दाराला अडकवलं: 'रोगी विश्रांती घेत आहे. कृपया कडी वाजवू नये.'

दहा मिनिटांत कडी वाजली. शेजारचे गुलाबराव!

"काहून गा, कोन आजारी आहे?"

"मी."

"मंग तू उठून काहून आला? झोप नं!" असं म्हणून ते माझ्याच खाटेवर बसले.

आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस चहाशिवाय गेला, तर आजारी बरा होत नाही, असं आमच्याकडे मानतात. शालिनीने चहा ठेवला. संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली येऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून मात्र पाटीचा मान राखून कोणीही कडी वाजवली नाही. सगळे खिडकीतून हाका मारू लागले!

माझी विश्रांती बाजारात पोचली, तिथून एस.टी. स्टँडवर, आणि माझ्या सासुरवाडीला, काटोलला, जाईपर्यंत तिची 'शेवटची भेट घेऊन घ्या' झाली. चौथ्या दिवशी मामाजी, म्हणजे माझे सासरे, काटोलच्या बसने हजर! सोबत सासूबाई, तीन नातलग आणि संत्र्यांच्या दोन टोपल्या. सासूबाईंनी दारातूनच रडायला सुरुवात केली आणि आत येऊन थबकल्या.

"बाप्पा! जावई तं बसून भजे खाऊन राहिले!"

त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती, असं मला अजूनही वाटतं.

"आता आलोच आहो, तं चार दिवस सेवा करूनच जातो," मामाजी म्हणाले. सेवा म्हणजे ते माझ्या उशाशी बसून, ब्लडप्रेशरने कोण कोण गेलं ते सांगत. पाहुण्यांसाठी शालिनी पहाटेपासून चुलीपाशी. एकदा पोळ्या, एकदा गोळाभात, मधे गल्लीचा चहा.

"तू दमलीस गं," मी खाटेवरून म्हणालो.

"मी कुठं आजारी आहे? पाटी तुमच्या नावाची आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोळी तव्यावर असतानाच ती भिंतीला टेकून खाली घसरली. मी धावलो. तिचे हात गार पडले होते. मला इतकी भीती स्वतःच्या चक्करेचीही वाटली नव्हती. पाच दिवस मी निवांत छताकडे पाहत होतो, तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

डॉक्टर आले. त्यांनी शालिनीला तपासलं, मला तपासलं, मग खोलीतली गर्दी मोजली.

"या घरात आराम नेमका कोणाला सांगितला होता?"

उत्तराची वाट न पाहता डॉक्टरच पुढे म्हणाले,

"यांचं प्रेशर जिथल्या तिथं आहे. आणि बाईंना नुसता थकवा. आता बाईंनाही आठ दिवस झोप. चुलीजवळ फिरकायचं नाही!"

"मामाजी," मी छाती काढून म्हणालो, "आजपासून स्वयंपाक मी करतो!"

सासूबाई उठत होत्या, पण मी त्यांना पदार्थाला हात लावू दिला नाही. (पाहुण्यांकडून काम करून घेऊ? छे!) रात्री पाटावर बसल्यावर मामाजींनी माझी पोळी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. ती तुटेना. वरणाचा घोट घेऊन ते बराच वेळ डोळे मिटून बसले.

"जावईबापू, काटोलची पहिली बस किती वाजता आहे जी?"

"सहाला."

"मंग आमी निघतो. संत्र्याची तोड सुरू आहे."

त्या घोटापर्यंत या तोडीचा कोणी उल्लेखही केला नव्हता! गुलाबराव दुसऱ्या दिवशी आले, माझ्या चहाचा एक घोट घेतला आणि गल्लीभर जाऊन सगळ्यांना सावध करून आले.

घर शांत झालं. शालिनी दुपारी झोपली ती दिवेलागणीलाच उठली. उठून हसली, आणि माझा जीव भांड्यात पडला. दूध, पाव आणि काटोलच्या संत्र्यांवर आम्ही दोघांनी आठ दिवस काढले. (माझा स्वयंपाक मलाही जाईना.) डॉक्टरांनी दोघांनाही पास केलं.

ती पाटी मी फाडून टाकली. तेव्हापासून शालिनीला दमल्यासारखं वाटलं, की ती खिडकीत उभी राहून एवढंच म्हणते, "आज स्वयंपाक हे करून राहिले!"

मग दिवसभर आमच्या दाराकडे कोणी फिरकत नाही.