मुलींच्या खोलीतला घोडा

संग्रामपूरकडे दोन तटांच्या मारामारीत जळालेली आमची मिशनशाळा पुन्हा बांधून घेणारा मुनशी पाद्र्याची सावली दिसली तरी टोपी काढायचा. दर वाक्याला "साहेबाले बरं वाटलं पाह्यजे" हे शेपूट असायचंच. मुलींच्या खोलीवर छप्पर चढताच त्यानं तिथं पाद्र्याचा घोडा बांधला. मी तिथला मास्तर, भीतभीत बोललो.

"पोरी घरी राह्यतीन, मास्तर. घोडं उन्हात राह्यलं तं साहेब काय म्हनन?"

पाद्र्यानं ती जागा मागितलीच नव्हती. मी पाद्र्याला एक शब्द सांगितला असता, तर खोली मोकळी झाली असती. मुनशी लाचार होताच. पण पाट्या घेऊन आलेल्या सहा मुलींना "उद्या या" म्हणून मीच परत पाठवत राहिलो. महिन्याभरात त्या यायच्या थांबल्या.