डावीकडची पट्टी

आमच्या वेबसाइटवर पानं झाली जेमतेम साठ. किस्से त्याहून जास्त, आणि बहुतेक सगळे डावीकडच्या पट्टीचे, म्हणजे पानांची नावं दाखवणाऱ्या मेनूचे. ती पट्टी मी केली होती. त्यामुळे हे किस्से निघाले की मी चहा सांगायच्या निमित्ताने उठतो.

साल २००९. पनवेल तालुक्याची माहिती इथल्याच लोकांनी लिहायची, कुणीही यावं, कुणीही दुरुस्त करावं, अशी साइट आम्ही तिघांनी काढली. सादिकचा सायबर कॅफे हेच ऑफिस. रोडपालीची पल्लवी मजकूर बघायची. मी नुकताच इंजिनीअर झालेलो, त्यामुळे मला सगळंच कळायचं!

*

पट्टीत विषय सातच, हा माझा नियम. बसेना ते ‘इतर’मध्ये.

महिनाभरात ‘इतर’मध्ये मासळी, लग्नाची गाणी, देवळं, दर्गे, तलाव आणि एसटीचं वेळापत्रक जमा झालं.

सादिक म्हणाला, “भाई, सरळ पनवेलचंच नाव ‘इतर’ ठेव!”

*

विषयांखाली गावांची नावं. रोज सकाळी कोन गाव पहिल्या नंबरावर! मी ते खाली न्यायचो, कोनचा कुणीतरी पुन्हा वर आणायचा. वैतागून मी पट्टीला कुलूप लावलं. यापुढे बदल फक्त मी करणार.

पल्लवीने मुख्य पानाकडे बोट दाखवलं. तिथे मीच ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘ही साइट तुमची आहे.’

“साइट त्यांची आणि किल्ली तुझी?”

*

मग मी नवा नियम काढला. नवं पान महिनाभर पट्टीत राहील. पुढे क्लिक मोजायचे, कमी पडले की नाव बाहेर. “ही खरी लोकशाही!” मी म्हणालो.

कॉलेजच्या पोरांनी प्रॅक्टिकलच्या तासाला बसून आपल्या गावावर दुपारभर क्लिक केलं. गाव पहिलं आलं. पानावर एकच ओळ होती, ‘आमचं गाव लय भारी.’

*

धोंडूकाकांचं आयुष्य मिठागरात गेलं. त्यांचं गाव प्रकल्पात जाणार होतं, नोटिसा आल्या होत्या. दर गुरुवारी ते कॅफेत यायचे आणि एका बोटाने टाइप करायचे. विहिरींची नावं, मिठागरांची नावं, कुठला बांध कुणाच्या आज्याने घातला. पान उघडायचं ते पट्टीतल्या नावावरून. दुसरा रस्ता त्यांना आम्ही कधी दाखवलाच नव्हता.

क्लिक कमी पडले. नाव पट्टीतून गेलं. पान मात्र होतं तिथेच होतं.

काही महिन्यांनी सगळ्या पानांची यादी चाळताना मला दिसलं, ‘आमचा गाव’. त्याखाली ‘आमचा गाव दुसऱ्यांदा’. त्याखाली ‘आमचा गाव तिसऱ्यांदा’. विहिरी त्याच, बांध तेच.

गुरुवारी काका आले. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, “काका, तेच तेच कशाला लिहिताय?”

“माज्या हातशी पुसला जाते रं. बोटा जाडी हायत ना! तू रागावशील म्हनून सांगला नाय.”

मी मान खाली घालून तिसरं पान उघडलं. अगदी वर लिहिलं होतं:

‘हे पान माझ्याकडून दोनदा पुसले गेले, क्षमा असावी. परत पुसले गेले तर परत लिहीन.’