बत्तीशीवाल्याची बायको

आमच्या दादाला सगळा बाजार बत्तीशीवाला म्हणतो. त्याचा फोटो स्टुडिओ आहे, आणि समोरच्या माणसाचे दात दिसल्याशिवाय तो बटण दाबत नाही. पासपोर्टच्या फोटोला तोंड मिटून बसावं लागतं, त्याचाही त्याला राग येतो. लग्नसुद्धा त्यानं वहिनीचं हसू बघूनच केलं. मी मागच्या खोलीत फ्रेमा ठोकते. वहिनी पुढं हसली की माझी हातोडी थांबायची.

मग लोक फोनवर फोटो काढायला लागले आणि दादावर माश्या मारत बसायची वेळ आली. तेव्हा एका ट्रक ड्रायव्हरनं बुटाच्या खोक्यातून माकडाचं पिल्लू आणून दिलं. "आई सोडत नाही हो पिल्लाला," तो सांगत होता. "आधी तिला आडवी करावी लागते. ती मेली तरी हा चिकटलेलाच. एकेक बोट सोडवलं." हे सांगताना तो बिस्किट खात होता. त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली मला.

दादा-वहिनीला मूल नव्हतं. वहिनीनं बाटलीनं दूध पाजलं, आणि पिल्लू तिच्या काखेत जे शिरलं ते तिथलंच झालं. त्याचं नाव बाब्या ठेवलं. फ्रॉक घातलेल्या बाब्याबरोबर फोटो काढायला आईबाप पोरं घेऊन यायला लागले. धंदा सुधारला आणि दादाला काही सांगायची सोय राहिली नाही.

बाब्या वाढला. माझ्या करंगळीएवढे सुळे आले त्याला. एकदा पाण्याचे जार आणणाऱ्याचा कानच त्यानं फाडला. दादानं त्याला पट्ट्यानं फोडून काढलं. बाब्यानं मुकाट मार खाल्ला, आणि दादाची पाठ वळताच वहिनीच्या दंडाचा लचका तोडला. पुढं तसाच पायंडा पडला. दादा बाब्याला बडवायचा आणि बाब्या वहिनीवर राग काढायचा. तिच्या हातांवर चावे नाहीत अशी जागा उरली नाही.

वहिनीचे हात दाखवायला गेलो तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी टाके घातले नाहीत, पण आमचे कान उपटले. "हे पाळलेलं असलं तरी पाळीव नाही," त्या म्हणाल्या. "मोठं झालं की घरात आपल्याखाली कोण आहे ते बघतं. आणि त्याच्या तोंडासमोर दात काढून हसू नका. तुम्ही हसता, त्याला वाटतं कुणीतरी अंगावर येतंय. प्राण्यांच्या आश्रमात देऊन टाका, मी सोय करते."

"आमचा तसा नाही," दादा म्हणाला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पालथ्या घड्यावर पाणी. आम्ही घरी आलो.

वहिनीनं मात्र ऐकलं. ती हसायचीच बंद झाली. अगदीच राहवलं नाही तर तोंडावर हात धरून भिंतीकडे वळायची. घर कसं मुकं झालं.

"वहिनी, देऊन टाकू या त्याला," मी एकदा म्हणाले. "एक दिवस तो तुझा जीव घेईल."

"एकदा आईपासून तोडलंय त्याला. आता दुसऱ्यांदा मी तोडू?"

मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त तिची कीव आली.

लग्नाच्या वाढदिवशी दादाला हुक्की आली. वहिनी आणि बाब्याचा मोठा फोटो काढून दर्शनी काचेत लावायचा. वहिनी स्टुलावर बसली, बाब्या मांडीत. तिनं ओठ घट्ट मिटले होते.

"असा सुतकी चेहरा काय? बत्तीशी दिसू दे."

"अहो, नको ना."

"आजच्या दिवशी तरी. हास गं."

त्याच्यासाठी ती हसली. पूर्वीसारखी, आवाज करून. मी मागं ऐकलं, बरं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी ती किंचाळली.

मी धावले तेव्हा बाब्या तिच्या तोंडाला लोंबकळत होता. वरचा ओठ गालापर्यंत फाटला होता. दादानं दिव्याचा लोखंडी स्टँड उचलला आणि घालायला सुरुवात केली. दुसऱ्या घावाला बाब्यानं तोंड सोडलं. लपायला तो कुठं गेला असेल? वहिनीच्या काखेत. आणि त्या बाईनं, रक्तानं आंधळी झालेली असताना, त्याच्यावर हात टाकला. पुढचा घाव त्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला आला, दादाला आला नाही. त्यानं तिथंच बाब्याचं डोकं ठेचलं. मेल्यावरही त्याची मूठ तिच्या कपड्यात अडकलेली. मी एकेक बोट सोडवलं.

वहिनी वाचली. ओठ मात्र टाक्यांनी वर ओढला गेला, आता तोंड मिटलं तरी एका बाजूचे दात दिसतात. दादा तिच्या पायाशी बसून रडला. "दात दिसले की तो चिडायचा, दिसले नाहीत की तुम्ही," ती म्हणाली. "मी तोंड न्यायचं तरी कुठं?"

धंदा पुन्हा बसला आणि तो ड्रायव्हर नवं खोकं घेऊन हजर झाला. दादानं खोक्यात डोकावलं. हो, एवढं होऊनही डोकावलं.

वहिनी उठली. चेहऱ्यावरचा रुमाल काढून ती ड्रायव्हरच्या पुढ्यात गेली आणि तिनं सगळे दात दाखवले. त्याला कुणी हसणं म्हणालं नसतं. ड्रायव्हर मागं सरता सरता पायरीवरून पडला.

"खोकं ठेवा," ती म्हणाली. "आणि चालते व्हा."

आम्ही दोघी तडक डॉक्टरीणबाईंकडे निघालो. दादा दारात उभा होता, त्याच्याकडे तिनं बघितलंही नाही. वाटेत पिल्लू खोक्यातून वर चढून तिच्या काखेत शिरायला धडपडत होतं. प्रत्येक वेळी ती त्याला हळूच खाली ठेवत होती. रडत होती, पण त्याला शिरू देत नव्हती.