शहाळ्याचा वैरी

दत्ताराम सावंतांनी हॉस्पिटलच्या भिंतीवर शहाळं आपटलं, पाणी छतापर्यंत उडालं, आणि ते आणणारा त्यांचा मेहुणा बाळा नाक धरून खाली बसला. बोटांमधून रक्त गळत होतं. "परत आणशील? परत पाजशील तिला?" असं विचारत सावंत त्याला लाथा घालत होते. वॉर्डबॉयने आणि मी मिळून त्यांना मागे ओढलं, तेव्हा माझ्या शर्टाची बाही त्यांच्या हातात राहिली.

सावंत खोपट भागात आमच्या शेजारी राहायचे. ट्रकचे टायर खोलण्यात जन्म गेलेला, मनगटं माझ्या पोटरीएवढी. नळावर भांडण, वर्गणीवरून भांडण. दुसऱ्या वाक्याला बोलणं संपायचं आणि हात सुरू व्हायचा. "तोंडाने समजला तर ठीक, नायतर आपल्याला टाइम नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आवाज चढायचा नाही तो फक्त बायकोसमोर, सुमनवहिनींसमोर. वहिनी बुटक्या, हसऱ्या, माहेर वेंगुर्ल्याकडचं. माहेरच्या माडांबद्दल बोलायला लागल्या की त्यांना थांबवावं लागे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. वहिनींना धाप लागायला लागली, छातीत दुखू लागलं. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट हातात घेतला, तशी सावंतांनी त्यांची कॉलर धरली. "छाती दुखते तिची, आणि तुम्ही मूत काय तपासता?"

डॉक्टर धीराचे. कॉलर सोडवून न घेताच म्हणाले, "सावंत, किडन्या गेल्यात. त्याचा भार हृदयावर आलाय. मीठ बंद, पाणी मोजून."

वहिनींना हॉस्पिटलात ठेवलं. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण सगळे जे नेतो तेच बाळाने नेलं. तहानलेल्या वहिनी शहाळं घटाघट प्यायल्या. संध्याकाळी नाडी भलतीच पडायला लागली, डॉक्टरांची धावपळ झाली. कशाबशा वाचल्या. "शहाळ्यात पोटॅशियम असतं," डॉक्टरांनी सांगितलं. "किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. रक्तात साठलं की हृदय बंद पडतं." बिचाऱ्या बाळाला यातलं काहीच कळलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो आणखी एक घेऊन हजर झाला, आणि पुढचं मी सांगितलंच आहे.

तेव्हापासून सावंतांनी युद्धच पुकारलं. लोणच्याची बरणी गटारात गेली. कुणी पाहुण्याने शहाळं आणलं की ते खिडकीतून खाली. एकदा ते एका स्कूटरवर पडलं. स्कूटरवाला तावातावाने वर आला आणि पडलेला दात मुठीत धरून उतरला. एके दिवशी सावंतांनी हॉस्पिटलच्या गेटवरच्या शहाळेवाल्याची हातगाडीच उलटी केली. तो कोयता घेऊन धावून आला. सावंतांनी पात्याला हात घालून कोयता हिसकावला आणि रक्ताळलेल्या हाताने घरी आणून दाराला टांगला. मला त्यांचा भयंकर राग आला. त्या गरिबाचा काय दोष? तसं मी त्यांना सुनावलंही, अर्थात चार हात लांबून. हल्ली किडनीपायी हृदयाचे आजार जगभर वाढताहेत असं पेपरात वाचलं की रस्त्यावर गडगडणारी ती शहाळी मला दिसतात.

"अहो, माणसं प्रेमाने आणतात," वहिनी म्हणायच्या.

"प्रेमानेच मारतात," सावंत म्हणायचे.

वहिनींचे ओठ कायम सुकलेले. कधी बोलून जायच्या, "एकच घोट मिळाला असता..." सावंत तडक जिन्यात जायचे आणि भिंतीवर ठोसे मारायचे. बोटांची सालटी निघालेली मी पाहिली आहेत.

दोन वर्षं त्यांनी वहिनींना असं राखलं. मग एका दुपारी वहिनींचं हृदय थांबलंच. नातेवाईक जमले. तोंडात घालायला कुणीतरी गंगाजलाची बाटली पुढे केली. सावंत उठले, दाराचा कोयता काढला आणि जिना उतरले. आम्ही सगळे भिंतीला चिकटलो. बाळा तर दाराआड गेला.

ते परत आले ते शहाळं घेऊन. सावकाश, थेंबही न सांडता त्यांनी ते छिललं. वहिनींचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने पाणी घालू लागले. ते ओठांवरून मानेवर ओघळत होतं. सावंत शर्टाने पुसायचे आणि पुन्हा घालायचे.

"पी गो. पोटभर पी. आता काय होत नाय."

मला बघवेना. मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि चमचा पुढे केला.

"ये बाळा. तुझ्या हातचं आवडलेलं तिला."